बोलणारं कुणी नसताना

वर्ध्यात राहून निरुपयोगी काही करायला थोडा निगरगट्टपणा लागतो. या गावाची सगळी ख्यातीच उपयोगाची. सेवाग्रामला सूत कातलं जाई ते अंगावर घालायला, मगनवाडीत घाण्याचं तेल आणि हातकागद निघे तो वापरायला, नई तालीमच्या शाळेत पोरं शिकत ती हातानं काम करता करता. भाषांचंही तेच. १९३६ साली इथं राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली, कारण देशातल्या माणसांना एकमेकांशी बोलता यायला हवं होतं. आज हिंदी विश्वविद्यालयात चिनी, जपानी, स्पॅनिश शिकणारी पोरं दिसतात, त्यांच्या डोळ्यांसमोरही पुढची नोकरी असते. अशा गावात मी संध्याकाळी पालीचं व्याकरण उघडून बसतो म्हटल्यावर समोरचा जरा वेळ माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "काय करून राहिले जी तिचं?"

यावर ठरावीक उत्तरं माझ्याकडं तयार असतात. स्मरणशक्तीला व्यायाम होतो, मराठीची मुळं कळतात, जुने ग्रंथ थेट वाचता येतात. ही उत्तरं लोकांना पटतातही. खरं कारण सांगायला मात्र संकोच वाटतो. त्या भाषेत मला कुणी हसत नाही.

माझी मराठी पुण्यात दोन वाक्यांत ओळखली जाते. 'जाऊन राहिलो' म्हटलं की समोरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. हिंदी बोललो तर भोपाळवाल्यांना ती मराठी वाटते, आणि इंग्रजीबद्दल न बोललेलंच बरं. जिवंत भाषेत माणूस सतत परीक्षेला बसलेला असतो, कारण त्या भाषेत जन्मलेली माणसं पेपर तपासायला हजर असतात. पाली कुणाच्या घरी जन्मापासून बोलली जात नाही. श्रीलंकेतला भिक्खू, केंब्रिजचा प्राध्यापक, वर्ध्यात हिशेब तपासून पोट भरणारा मी, सगळ्यांना पहिला धडा पुस्तकातूनच करावा लागतो. तिथं कुणी यजमान नाही, म्हणून कुणी पाहुणाही नाही.

दुसरं सुख याहून चमत्कारिक आहे. परकी भाषा शिकवणारं कोणतंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर स्टेशन कुठं आहे आणि केळी कशी दिली हेच असतं. पालीच्या वाचनमालेत केळी विकत घ्यावी लागत नाहीत. तिथं सुरुवातीलाच राजा, रान, भिक्खू, मन आणि मरण. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकत बसायचं. दिवसभर लोकांच्या पावत्या-व्हाउचरांवर प्रश्न काढणाऱ्या माणसाला हे फार मानवतं.

आता याच उपयोगी गावाच्या वेशीवर, सेवाग्रामला, ४ जून १९४७ रोजी धर्मानंद कोसंबी वारले. बाहेरून सेवाग्राम बघायला येणारी माणसं बापू-कुटी बघतात, चरखा बघतात, फोटो काढतात. पालीसाठी सारं आयुष्य वेचलेल्या माणसानं आपला शेवट इथं केला, हे बहुतेकांच्या कानावरही येत नाही. अन्न सोडून, ठरवून त्यांनी देह ठेवला. आदल्या वर्षीही त्यांनी असाच उपास आरंभला होता आणि गांधीजींनी तो थांबवायला लावला होता. या वेळी त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली. देशात फाळणीचा वणवा पेटलेला, त्यात एका पाली पंडिताचं जाणं कितीसं ऐकू जाणार?

कोसंबींची गोष्ट मी ज्याला त्याला सांगत असतो, कारण भाषेच्या ओढीपायी माणूस काय काय करू शकतो याचा तो मासला आहे. १८७६ चा जन्म, गोव्यातलं सांखवाळ. नारळाच्या बागा सांभाळणारं घर, शाळा जेमतेम. बुद्धाचं चरित्र मराठीत वाचनात आलं आणि या धर्माचं मूळ आपण बघायचं, हे डोक्यात बसलं. मूळ कुठल्या भाषेत आहे हेही तेव्हा धड ठाऊक नव्हतं. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणं, उज्जैन, ग्वाल्हेर करत काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, गया, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपुढं बसल्यावर पाली पहिल्यांदा रीतसर हाती आली. पुढं ब्रह्मदेशात गेले तेव्हा तीच भाषा दुसऱ्याच अक्षरांत समोर आली. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत, म्यानमारात गोल गोल बर्मी अक्षरांत, थायलंडात थाई अक्षरांत, युरोपात रोमनमध्ये आणि आपल्याकडं नागरीत. देशोदेशी परक्याच्या वेशात वावरणाऱ्या या भाषेशी त्या फिरस्त्याचं जमलं यात नवल नाही.

या सगळ्याची किंमत मात्र दुसऱ्या कुणीतरी मोजली. घर सोडलं तेव्हा गोव्यात बायको आणि तान्ही मुलगी होती. 'निवेदन' या आत्मचरित्रात कोसंबी हे लपवत नाहीत, सजवतही नाहीत. ते पुस्तक वाचताना मी प्रत्येक वेळी त्या पानांपाशी अडतो. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांचं आपण फार कौतुक करतो. मागं राहिलेल्या बाईला अन्नछत्रही नसे आणि गुरूही नसे.

परतल्यावर कलकत्त्यात चांगल्या पगाराची शिक्षकी होती. ती सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं महिना ५० रुपयांचं मानधन पत्करलं, महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता यावं म्हणून. १९१० साली हार्वर्डला गेले ते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी. हे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन माणसानं सुरू केलं होतं. लहानपणी गाडीतून पडून पाठीच्या कण्याला इजा झालेला, जन्मभर दुखणं घेऊन जगलेला हा श्रीमंत घरातला मुलगा पालीत रमला आणि काम अर्धं टाकून १८९९ मध्ये गेला. म्हणजे ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी गोव्यातला एक तरुण घराबाहेर पडला होता. दोघांची भेट शक्यच नव्हती. एकाची पानं दुसऱ्यानं पुढं तपासली, आणि ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून निघाला १९५० मध्ये, तोवर कोसंबींनाही जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या कचेरीत एका आर्थिक वर्षाची फाइल पुढच्या वर्षात गेली तर आम्ही स्पष्टीकरण मागतो.

पाली झाली, आता प्राकृताकडं वळतो. त्यासाठी वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं पवनारपर्यंतच जायचं. धाम नदीच्या काठावरचं हे गाव लोकांना विनोबांमुळं माहीत असतं. वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं वसवलेली राजधानी प्रवरपूर ती हीच. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी शिल्पं निघाली, ती अजून तिथं आहेत, आणि त्यांतल्या एकात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. आता प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचं मनसर, असं मानणारेही अभ्यासक आहेत. मी वर्ध्याचा असल्यामुळं माझं मत काय असणार हे सांगायला नको.

हा प्रवरसेन मला फार आवडतो, कारण तो पाचव्या शतकातला दुभाषी माणूस आहे. राज्यकारभाराचे हुकूम तो संस्कृतात काढी आणि कविता मात्र महाराष्ट्री प्राकृतात लिही. रामानं समुद्रावर सेतू बांधल्याची कथा सांगणारं त्याचं 'सेतुबंध' हे काव्य पंधरा आश्वासांचं आहे. दंडीनं महाराष्ट्रीची थोरवी सांगताना याच काव्याचा दाखला दिला, बाणभट्टानं प्रवरसेनाच्या कीर्तीचा उल्लेख केला, अकबराच्या काळात रामदास नावाच्या पंडितानं त्यावर संस्कृत टीका लिहिली, आणि १८८० च्या सुमारास झिगफ्रीड गोल्डश्मिट या जर्मन विद्वानानं ते स्ट्रासबर्गला छापलं. वर्ध्यातल्या दुकानात मात्र ते मी अजून पाहिलेलं नाही.

महाराष्ट्री वाचायला बसलं की आधी दमछाकच होते. या भाषेनं दोन स्वरांमधली व्यंजनं इतकी गाळून टाकली आहेत की काही शब्दांत नुसते स्वरच उरलेले दिसतात. 'मअ' एवढंच लिहिलेलं असतं. ते मत असेल, मद असेल, मृग असेल, मृतही असेल. 'कइ' म्हणजे कवी, 'कइ' म्हणजे कपी, आणि 'कइ' म्हणजे किती हेसुद्धा. सेतुबंधात समुद्रावर पूल बांधणारे कइ हे वानर आहेत हे संदर्भावरून कळतं, पण लिहिणाऱ्या राजाला यातली गंमत कळली नसेल असं मी मानायला तयार नाही. आणि अशा धुक्यात चाचपडत असताना एकदम 'हसिऊण' असं रूप पुढं येतं. हसून. प्रत्यय आपलाच, रोजच्या तोंडचा. संस्कृतातून मराठीत येताना ज्या वाटेनं तो आला, त्या वाटेवरच तो उभा असतो.

पण हे ओळखीचं सुख फार ताणू नये. पवनारच्या बाजारात पाचव्या शतकातली बाई भाजी विकताना सेतुबंधातली महाराष्ट्री बोलत असेल, हे मला पटत नाही. नाटकांत आणि काव्यांत घोटून घोटून गुळगुळीत केलेली ती भाषा तेव्हाही शिकावी लागत असणार. म्हणजे प्रवरसेन हुकूम काढी तो शिकलेल्या भाषेत, कविता करी तीही शिकलेल्या भाषेत, आणि घरात, आई प्रभावतीगुप्तेशी, तो कोणत्या बोलीत वाद घाली ते काही ताम्रपटावर कोरलेलं नाही.

ताम्रपटांचं म्हणाल तर तो माझ्या धंद्याचा विषय. मिराशींचा वाकाटक लेखांचा खंड १९६३ मध्ये निघाला, त्यात पत्र्यांची छायाचित्रं आहेत. अक्षरं पेटिकाशीर्षक ब्राह्मी, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटा चौकोन. पहिल्यांदा बघताना सगळी ओळ डोक्यावर पेट्या घेऊन फलाटावर निघालेल्या हमालांसारखी दिसते. हळूहळू पेटीखालचं अक्षर सुटं होतं, एक 'म', एक 'र', मग अख्खं नाव.

यातला एक ताम्रपट हिंगणघाटजवळच्या जांब गावी सापडला. प्रवरसेनानं राज्याच्या दुसऱ्या वर्षी कोथुरक नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान दिलं, त्याचा हा दस्त. गावाच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत, त्यात उमा नदी येते आणि मण्डुकिग्राम येतं. मिराशींनी दाखवून दिलं की उमा म्हणजे आपली वणा नदी आणि मण्डुकिग्राम म्हणजे मांडगाव. हे वाचल्यानंतर हिंगणघाटच्या स्टँडवर मांडगावची पाटी लावलेली एसटी बघितली की मी उगीचच कंडक्टरकडं आदरानं बघतो.

मला खिळवून ठेवतो तो पुढचा भाग. वाकाटकांच्या दानपत्रांत गावाला कोणकोणत्या गोष्टींपासून सूट, याची यादी येते. शिपाई-प्यादे गावात शिरणार नाहीत. गाई-बैल ओढून नेणार नाहीत. फुलं आणि दूध मागणार नाहीत. फिरतीवर आलेल्या अंमलदाराला बसायला कातडं आणि शेकायला कोळसा पुरवावा लागणार नाही. मीठ खणणं आणि मद्य यांवरचा हक्क माफ, वेठबिगार माफ. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही दान घेणाऱ्याचं. हिशेब तपासणाऱ्या माणसाला अशी यादी उलटी वाचायची सवय असते. ज्या गावांना दानपत्र मिळालं नाही त्यांच्याकडून हे सगळं घेतलं जात होतं. त्या गावांचा आवाज कोणत्याच पत्र्यावर नाही, फक्त या माफीच्या यादीत त्यांचा जाच तेवढा शिल्लक आहे. एक समास फोडायला संध्याकाळ जाते आणि आतून दूध, कोळसा, बैल असं निघत राहतं. त्याच गावातली संध्याकाळची भूक, थंडी आणि साहेबाची फेरी. याचं भाषांतर छापलेलं आहेच, पण भाषांतर दोन मिनिटांत वाचून होतं. मोडक्या संस्कृताच्या वेगानं वाचलं की कोळशापाशी थांबावं लागतं.

विनोबांना हे असलं रमणं कितपत मानवलं असतं, शंका आहे. त्यांनी भाषा ढिगानं शिकल्या, पण दुसऱ्याच्या मनात शिरायची वाट म्हणून. कुराण मुळातून कळावं म्हणून अरबी अभ्यासली. जैनांच्या सगळ्या पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा हा त्यांचा आग्रह, आणि त्यातून प्राकृत गाथांचं 'समणसुत्तं' तयार झालं. जिनेंद्र वर्णी यांनी ७५६ गाथा निवडल्या, १९७४ मध्ये दिल्लीत मुनी आणि पंडित एकत्र बसले, आणि वेगळ्या चुली मांडलेल्यांनी एका पुस्तकावर मान डोलावली. पवनारच्या म्हाताऱ्यानं प्राकृतालाही कामाला लावलं.

पण मघाशी मी म्हणालो की मृत भाषेत कुणी यजमान नसतो. यजमान नसला तरी राखणदार असू शकतो. संस्कृत ही कुणाच्याच घरची बोली नव्हती, तरी तिच्या दारावर पहारा होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकू दिलं गेलं नाही, त्याला फारसी घ्यावी लागली. पुढं त्यांनी संस्कृत स्वतः मिळवलं. पालीचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांनी रचलं, ते महाराष्ट्र शासनानं १९९८ मध्ये त्यांच्या लेखनाचा १६ वा खंड म्हणून छापलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून दीड-दोन तासांवरच्या नागपुरात, चंद्रमणी महास्थविरांनी त्यांना त्रिशरण आणि पंचशील दिलं ते पालीत. मग बाबासाहेबांनी जमलेल्या लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत.

मृत आणि जिवंत भाषांचा हा मेळ वर्ध्यातल्या ज्या माणसाला पुरता कळला होता ते भदंत आनंद कौसल्यायन. जन्म पंजाबातला, १९०५ चा, शिक्षण सिंहलातलं, राहुल सांकृत्यायनांचे सोबती. चाळीसच्या दशकात ते इथं राष्ट्रभाषा प्रचार समितीचे मंत्री होते. म्हणजे कचेरीत देशभर जिवंत हिंदी पोचवण्याचा कारभार, आणि टेबलावर पालीतल्या ५४७ जातककथा, हिंदीत उतरवायला घेतलेल्या. त्या अनुवादाचे सहा खंड झाले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवादही त्यांचाच, आणि त्यासाठी मूळ पाली वचनं त्यांनी शोधून काढली. आज हिंदी विश्वविद्यालयातलं बौद्ध अध्ययन केंद्र त्यांच्या नावाचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीही होत्या. प्राकृताचे पेढे कुणी वाटल्याचं मी ऐकलं नाही. पालीचे मात्र मला मिळाले, आणि ते एका विहारात.

तिथं रविवारी सकाळी पालीचा वर्ग भरतो. शिकवणारे सर तरुण आहेत, वर्गात स्पर्धा परीक्षांची पोरं आहेत, दोन शिक्षिका आहेत, मी आहे आणि एक आजी आहेत. आजींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण मंगलसुत्त, करणीयमेत्तसुत्त त्यांना सबंध पाठ, माझ्या जन्माआधीपासून. मी संस्कृताच्या वळणावर गेलेला, माझ्या तोंडून धम्माच्या जागी कधी धर्म निसटतो, तेव्हा आजी चष्म्यावरून बघतात. म्हणजे ज्या भाषेत मला कुणी हसणार नव्हतं, तिथंही एकजण निघाल्याच.

शब्द त्यांच्या जिभेवर आहेत, विभक्त्या माझ्या वहीत. सर फळ्यावर रूप लिहितात, मी म्हणतो तृतीया एकवचन, आणि आजी लगेच ते रूप कुठकुठल्या गाथेत येतं ते म्हणून दाखवतात, चालीसकट. मग थांबून विचारतात, "म्हणजे इथं 'नं' की 'साठी', नीट सांगा जी." इतकी वर्षं म्हटलेल्या ओळीत कुणी कुणासाठी काय केलं, याचा त्यांना आता चोख हिशेब हवा आहे. तासाभरात आम्ही एकच गाथा उलगडतो. पोरांना वेग हवा असतो, त्यांच्या परीक्षेत एवढं खोल विचारत नाहीत. सर कधी कधी पुढं सरकायला बघतात, तर आजी वहीवर हात ठेवून बसतात.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही असं बजावलंय. तोवर सप्तमी संपवा, असं त्यांनी सरांना सांगून ठेवलं आहे, आणि मला प्रत्येक विभक्तीचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून आणायला लावला आहे. पंचमीपर्यंतचे झाले. षष्ठीचा परवापर्यंत द्यायचाय.